चाळीसच्या खाली

"बाबा, पाय काढा आता."

"पाय काढला तं गाडी थांबन नं, विक्की!"

"नाई थांबत. क्रूझ लावलं हाय. तुमी नुसतं स्टेअरिंग धरून बसा."

कोरपन्याच्या पुढे, सिमेंट कारखान्याकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर विक्की आपल्या बापाला नवी गाडी समजावून सांगत होता. गुणवंतरावांची सारी हयात ट्रॅक्टरवर आणि एका जुन्या जीपवर गेलेली. त्यांनी भीतभीत पाय उचलला. गाडी साठच्या वेगाने आपली आपण धावतच राहिली. गुणवंतरावांना एकदम भरून आलं. त्यांनी गाडीला हात जोडले, दोन्ही, आणि विक्कीने ओरडून स्टेअरिंग पकडलं.

ही सगळी तयारी श्रीहरी महाराजांसाठी होती. गुणवंतरावांच्या मोहबोडी गावात सप्ताह बसला होता आणि शेवटच्या दिवसाचं कीर्तन महाराजांचं होतं. महाराज कोरपन्याकडचे. त्यांना घेऊन येण्याचा मान यंदा गुणवंतरावांना मिळालेला. विक्कीला कारखान्यातून सुट्टी नव्हती, म्हणून गाडी बापाच्या हाती. विक्कीची बायको रीता मोहबोडीच्याच शाळेत शिकवायची आणि सासू-सासऱ्यांजवळ राहायची. तिने फोनवर बजावून ठेवलं होतं, "मामाजी, दिवस बुडाच्या आत जंगल पार करा. पिल्लंवाली वाघीन रस्त्यावर दिसून राह्यली. तिथी गाडी उभी करू नका."

निघताना विक्कीने शेवटचा पाठ दिला. "एका चालीनं चालवा बाबा. दाबलं-सोडलं, दाबलं-सोडलं केलं का गाडी तेल पिते. साठवर न्या, क्रूझ लावा, बिनकामाचा ब्रेक मारू नका. ब्रेकले पाय लागला का क्रूझ सुटते, मंग पुन्हा वेग घ्याले लय तेल जाते. अन् पडद्यावर आकडा येते, टाकीतल्या तेलावर गाडी किती जाईन त्याचा. तो चाळीसच्या खाली आला, का मंग गाडीचा भरोसा नाई."

"भरोसा नाई म्हंजे?"

"म्हंजे कुठीबी उभी राहीन."

बाकी सगळं गुणवंतराव विसरले असते तरी चाललं असतं. हे एवढं वाक्य मात्र त्यांच्या काळजात खिळ्यासारखं बसलं.

गाडीत पुढे महाराज बसले. मागे डावीकडे गुणवंतरावांची बायको रुखमाबाई, उजवीकडे मुखरू मृदंगवाला आणि मधे त्याचा मृदंग. श्रीहरी महाराजांचं कीर्तन ज्याने एकदा ऐकलं त्याला दुसरं गोड लागत नाही. माणूस धिप्पाड, गळा मधाचा, आणि भय या विषयावरचं निरूपण तर असं की भित्र्यातला भित्रा श्रोता छाती काढून घरी जावा. रुखमाबाईने गाडीची पूजा केली, गंध लावलं, आणि महाराज बसणार म्हणून स्टेअरिंगच्या मागच्या काट्यांवर मोगऱ्याचा भला मोठा हार घातला. त्यात निम्मे काटे झाकले गेले. देवाच्या कामाला निघालेल्या गाडीला काटे काय करायचे, असं तिचं म्हणणं.

चंद्रपूर गेलं, मूल गाव आलं. मूलच्या पंपाजवळ मुखरू म्हणाला, "भाऊ, तेल गिल भराचं हाय का?"

"क्रूझ लागलं हाय," गुणवंतराव अभिमानाने म्हणाले. "आता ब्रेकले पाय लावणं म्हंजे चालू कीर्तनात उठून जानं."

महाराज प्रसन्न झाले. "वाहवा! गुणवंतराव, नामस्मरणाचंही अगदी असंच आहे. एका लयीत चालावं. आज खूप, उद्या काहीच नाही, अशा भक्ताचं पुण्य फार खर्च होतं."

या कौतुकाच्या भरात गुणवंतरावांनी गतिरोधकही साठनेच पार केला. चौघांची डोकी छताला लागली, मृदंग आपला आपण वाजला. आपटताना गुणवंतरावांचा अंगठा स्टेअरिंगवरच्या दोन-तीन भलत्याच बटनांवरून फिरला आणि पडद्यावर कायकाय आलं नि गेलं. पंप मागे पडला, मोबाईलची रेंज गेली, आतल्या रस्त्याला लागून जंगल सुरू झालं. तेव्हा मुखरू मागून वाकून म्हणाला, "भाऊ, पडद्यावर सेहेचाळीस दिसून राह्यलं."

हाराच्या वर, कोपऱ्यात, खरंच एक आकडा उरला होता. सेहेचाळीस.

"कायचा आकडा असन?"

"तेलाचाच नं. पाहा, डोक्यावर बारीकसा थेंबबी काढला हाय."

गुणवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीसला सहाच उरले होते, आणि गाव अजून बरंच लांब. मागे पंपाकडे जावं तर कीर्तनाची वेळ चुकते. सारं गाव मांडवात बसलेलं. आणि पुढे ही अशी गाडी वाघिणीच्या रस्त्यात उभी राहिली तर?

"महाराज, एक अडचण हाय," ते हळूच म्हणाले, आणि विक्कीचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

"भिऊ नका," महाराज म्हणाले. "नाम घेणाऱ्याला भय कसलं? खिडक्या मात्र वर करून घ्या."

"थंडी हवाबी बंद करा लागन," मुखरू म्हणाला. "एशी तेल पिते."

एसी बंद झाला. वैशाखातली दुपार कलत होती आणि आत चार माणसं बंद काचांमागे चुपचाप शिजू लागली. काच उघडावी तर वाघीण, एसी लावावा तर तेल. महाराजांच्या कपाळावरचं गंध ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलं.

सुरुवातीला क्रूझने लाज राखली. बराच रस्ता गेला तरी सेहेचाळीसचा आकडा हलला नाही. "पाहा, पाहा!" गुणवंतराव म्हणाले. "एका चालीचा महिमा." पण झाडी दाट झाली, रस्त्यावर सावली पडली आणि आकडा पंचेचाळीसवर आला. मग चव्वेचाळीस. पुढे चढ लागला. चढावर वेग पडू नये म्हणून क्रूझने गाडी अशी जोरात रेटली की इंजिन हंबरू लागलं.

"अवो, हे तं पेऊन राह्यली!" रुखमाबाई ओरडली. "तिचं तिच्यावर सोडू नका. तुमीच चालवा!"

"विक्की म्हने क्रूझच बरं."

"विक्कीचा रस्ता सपाट हाय. इथी चढाव हाय. ट्रॅक्टर काय तुमाले विक्कीनं शिकवला?"

गुणवंतरावांनी क्रूझ सोडलं आणि नुसत्या अंगठ्याच्या टोकाने, जणू पायाखाली अंडं ठेवलंय, असा पाय टेकवला. चढावर वेग थोडा पडू दिला, उतारावर पाय उचलून गाडी आपली आपण घरंगळू दिली. समोरून गुरं आली तर ब्रेक न लावता दुरूनच पाय काढला आणि गाडी गाईच्या शेपटीमागे पाहुण्यासारखी हळूहळू चालत गेली. इतकं नाजूक त्यांनी आयुष्यात काही चालवलं नव्हतं. तरी आकडा त्रेचाळीसवर उतरला.

"त्रेचाळीस," मुखरू म्हणाला.

"दिसून राह्यलं मले."

"आता बेचाळीस."

"मुखरू, तू बोलू नको. तू बोलला का कमी होते."

पुढच्या वळणावर वाघदेवाचं ठाणं होतं. मोकळ्या जागेत चौथऱ्यावर शेंदूर फासलेला लाकडी वाघ, पुढे वाहिलेल्या फांद्या आणि नारळांची टरफलं. त्या रस्त्याने जाणारं कोणतंही वाहन तिथे क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जात नाही. एसटीसुद्धा थांबते. रुखमाबाईने त्यासाठी नारळ लाल फडक्यात बांधून आणला होता.

"थांबवा," ती म्हणाली.

"थांबलो तं पुन्हा वेग घ्या लागन. एकेचाळीस व्हाले किती वेळ?"

"वाघदेवाले न थांबता जाता? अन् ह्या जंगलात? तुमाले भेव हाय का नाई?"

"भेव हाय म्हनूनच तं थांबत नाई!"

शेवटी तडजोड झाली. गाडी बैलगाडीच्या चालीने जाईल, थांबणार नाही, रुखमाबाईने चालत्या गाडीतून नारळ वाहायचा. मुखरूने पायाजवळचं लाल गाठोडं तिच्या हाती दिलं. तिने काच खाली केली, डोळे मिटले, "देवा, सांभाळ" म्हटलं आणि गाठोडं भिरकावलं. नेम चांगला होता. ते थेट चौथऱ्यामागे जाऊन पडलं. काच वर गेली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

थोडं पुढे गेल्यावर मुखरूने मांडीखालून काहीतरी ओढून काढलं. "वयनी, हे काय हाय मंग?"

"हे? हा नारळ."

"मंग फेकलं काय?"

महाराज पुढच्या सीटवर वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या चिपळ्या! लाल कापडात होत्या. माझ्या गुरूंनी हातावर ठेवलेल्या चिपळ्या!" आणि मग, कीर्तनातली सगळी शुद्ध मराठी ओघळून जात, "अवो, त्या नाई तं मी उभा कसा राहू? मले नाई जमत. फिरवा गाडी!"

गाडी फिरवणं म्हणजे मागे-पुढे, मागे-पुढे. गुणवंतरावांना प्रत्येक वेळी आपलंच रक्त जळतंय असं वाटलं. ठाण्यासमोर येऊन त्यांनी गाडी पुन्हा गावाकडे तोंड करून उभी केली, आणि उभ्या गाडीला तेल कशाला पाजायचं म्हणून इंजिन बंद केलं. पडदा तेवढा चालू ठेवला. आकडा एकेचाळीस.

जंगल एकदम गप्प झालं.

"जा मुखरू," गुणवंतराव म्हणाले.

"मी काऊन? फेकलं वयनीनं."

"देलं कोनं?"

"चिपळ्या महाराजाच्या हाय. महाराज तं कोनाले भेत नाई."

"मी भेत नाई," महाराज घाईने म्हणाले, "पन मांडवात सारं गाव माझी वाट पाहून राह्यलं. मले काही झालं तं सप्ताहाचं काय?"

कोणीच उतरेना. झाडीत काहीतरी सळसळलं. रुखमाबाईने मुखरूचं मनगट असं धरलं की त्याला आता बोटं कामी येतील की नाही शंका वाटली. महाराज म्हणाले, "गजर करा. आवाजानं जनावर जवळ येत नाई." आणि बंद काचांच्या आत, त्या भट्टीत, चौघांनी विठ्ठलनामाचा असा गजर उठवला की काचा थरथरल्या. मुखरूने भीतीने मृदंगावर थापा घातल्या. गुणवंतराव नाम घेत होते पण डोळे आकड्यावर.

"थांबा, थांबा!" ते ओरडले. "बेचाळीस झालं!"

चौघं पडद्यावर वाकले. खरंच बेचाळीस. आकडा वाढला होता.

"इंजिन बंद हाय अन् तेल वाढून राह्यलं?" मुखरू कुजबुजला.

महाराजांनी डोळे पुसले. "वाघदेव पावला. आपन त्याले न थांबता गेलो म्हनून त्यानं परत बलावलं. आता तोच टाकी भरून राह्यला. म्हना, म्हना!"

गजर दुप्पट झाला. मावळतीचं ऊन मोकळ्या रस्त्यावर आणि गाडीच्या नाकावर तापत होतं, इकडे आकडा त्रेचाळीसवर गेला. मुखरूला एकाएकी धीर आला. देव प्रसन्न आहे म्हटल्यावर भ्यायचं कोणाला? तो दार उघडून नारळ घेऊन उतरला. चौथऱ्यामागे जाऊन त्याने गाठोडं उचललं, खालमानेने नारळ फोडला, आणि गाडीकडे वळून ओरडला, "किती झालं?"

"त्रेचाळीसच हाय!" आतून तिघं एका सुरात ओरडले. "आणखी एक होऊ दे!"

तेवढ्यात गुणवंतरावांना आरशात मागे लांबवर एसटी उभी दिसली. "पाहा, एसटीवालाबी थांबला. किती भाविक मानूस! हॉर्नबी मारत नाई." एसटीतून बरेच हात बाहेर येऊन हलत होते. गुणवंतरावांनी काच चार बोटं खाली करून त्यांना नमस्कार केला. हात आणखी जोरात हलले. "लय श्रद्धा हाय लोकायची," रुखमाबाई म्हणाली.

चव्वेचाळीस झाल्यावर ते निघाले. पण झाडीत शिरले, दिवस कलला, आणि देवाने भरलेलं तेल पुन्हा उतरू लागलं. त्रेचाळीस, बेचाळीस, एकेचाळीस. मोठ्या तलावाच्या काठाने जाताना चाळीस. आणि गार वाऱ्याची झुळूक रस्त्यावरून गेली तसं एकोणचाळीस.

इंजिनचा आवाज किंचित बदलला की चौघं श्वास धरत. गुणवंतराव अंगठ्याच्या टोकावर सगळा जन्म तोलून बसले होते. अडतीस. गाडी चालतेच आहे. महाराज हळूच म्हणाले, "आता ही तेलावर नाई. नामावर चालून राह्यली."

मोहबोडीच्या वेशीवर टाळ-मृदंग, गुलाल घेऊन भजनकरी आणि ओवाळायचं ताट घेऊन रीता उभी होती. गाडी थांबताच गुणवंतरावांनी दार उघडून आधी जमिनीला हात लावला.

"मामाजी, इतके घामेघूम काऊन? एसी बिघडला का?"

"बाई, तेल नाई गाडीत. मूलच्या पुढं सेहेचाळीस होतं, अडतीसवर आली. देवानं आनली."

रीताने आत वाकून काट्यांवरचा हार बाजूला सारला आणि पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. पण हसू काही तिच्याने आवरेना. "मामाजी, ही तं बाहेरची गर्मी हाय! मूलले सेहेचाळीस होती म्हना. आता दिवस बुडला, अडतीस झाली. टाकी तं त्यायनं कालच फुल्ल करून देली. अजून निम्म्यावरबी नाई आली."

गुणवंतरावांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी मुखरूकडे. मुखरूने आकाशाकडे. चंद्रपुराशिवाय दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात उन्हाचा आणि तेलाचा आकडा असा एकमेकांच्या अंगावर पडला असता! आधी रुखमाबाईला हसू फुटलं, मग महाराज पोट धरून हसले. "गुणवंतराव, ज्या उन्हात जन्म गेला त्यालाच आपण भ्यालो! आज कीर्तनात हेच सांगतो. भय म्हणजे निव्वळ चुकीचा आकडा. बाहेर काही नसतंच!" धीर आला तशी त्यांची शुद्ध मराठीही परत आली.

पाय धुऊन, फराळ करून महाराज मांडवाकडे निघाले तोच गावात एसटी येऊन थांबली. कंडक्टर लोकेश धावत आला आणि थेट महाराजांच्या पायावर पडला.

"महाराज, तुमच्यासारखी हिंमत पाह्यली नाई! आमी हात हालवून हालवून थकलो, तुमी तं उलटे नमस्कार करून राह्यले. हॉर्न मारला तं बिथरन म्हनून ड्रायव्हरनं मारला नाई."

"कोन बिथरन?" मुखरूने विचारलं.

लोकेशने मोबाईल पुढे धरला. पडद्यावर वाघदेवाचं ठाणं होतं. गाडी होती. बंद काचांमधून गजर ऐकू येत होता. आणि चौथऱ्याच्या मागे, करवंदीच्या जाळीच्या सावलीत, वाघीण पाय पसरून बसली होती. तिच्या पाठीवर एक पिल्लू चढत होतं. मुखरू आला, तिच्यासमोर वाकला, गाठोडं उचललं, नारळ फोडला. वाघिणीने कान हलवले. मुखरू पाठ फिरवून ओरडला, "किती झालं?" गाडीतून उत्तर आलं. वाघिणीने लांबलचक जांभई दिली.

मुखरूने ते पूर्ण पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हा... हा मीच हाय का?"

"तुमीच नं भाऊ! शर्ट तोच हाय."

मुखरू होता तिथे बसला.

त्या दिवशीचं कीर्तन मोहबोडी जन्मभर विसरायची नाही. महाराज उभे राहिले ते मांडवाचा खांब धरून. पहिलं नाम घेताना त्यांचा आवाज असा कापला की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अंगावरचा काटा मागच्या रांगेतूनही दिसत होता, हातातल्या चिपळ्या वाजवाव्या लागत नव्हत्या, त्या आपल्या आपण वाजत होत्या. मुखरूचा मृदंग तर असा उधळला की टाळकरी घामाघूम झाले. कोणत्याच अभंगाला तो एका चालीत राहीना. गावचे म्हातारे विणेकरी मनसाराम शेजाऱ्याला म्हणाले, "इतकी वर्सं आयकून राह्यलो महाराजाले. पन असा भाव कधी पाह्यला नाई."

गुणवंतराव डोळे मिटून टाळ वाजवत होते. आपण आणलेल्या महाराजांचं हे कीर्तन ऐकून त्यांनाही हळूहळू बरं वाटू लागलं होतं. तेवढ्यात रुखमाबाई बायकांच्या बाजूने सरकत त्यांच्या कानाशी आली.

"अवो, आयकता का? उद्या महाराजाले परत सोडाले तुमीच जासान नं?"

गुणवंतरावांनी डोळे उघडले नाहीत. टाळ मात्र चुकला.